गंजलेली चौकट फेकू नका

गेल्या महिन्याच्या टपालात अरेरा कॉलनीतील एका वाचक भगिनींचे पत्र होते. शिवणयंत्र, मिक्सर, पाण्याचा पंप अशा घरगुती यंत्रांविषयीचे प्रश्न या सदराकडे नेहमीच येतात. जीपच्या दाराविषयीचा प्रश्न मात्र पहिल्यांदाच आला. प्रश्न यंत्राचा असला, तरी त्यामागे एका कुटुंबाचा जिव्हाळा आहे. शिवाय भोपाळ, इंदूर, जबलपूर, ग्वाल्हेर या भागांतील आपल्या कितीतरी घरांच्या अंगणात अशी एखादी वयोवृद्ध गाडी उभी असेल. म्हणून खाजगी उत्तर न पाठविता येथेच सविस्तर लिहीत आहे.

भगिनींचे सासरे पाटबंधारे खात्यात ओव्हरसीयर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी सरकारी लिलावातून महिंद्रची एक जुनी जीप घेतली. मूळच्या ताडपत्रीच्या जागी पत्र्याचे छप्पर आणि पत्र्याची दारे त्यांनी स्वतः कारागिरापाशी उभे राहून बांधून घेतली. मुलांच्या मुंजी, लग्नाची खरेदी, नर्मदेवरची पर्वस्नाने, भीमबेटकाच्या सहली हे सारे त्या जीपमधून झाले. ते गेल्यावर गाडी काही वर्षे शेडखाली झाकून होती. गेल्या वर्षी नातवाने ती पुन्हा चालती केली. यंदाच्या आषाढात रायसेनच्या रस्त्यावर एका खड्ड्यातून जाताना डाव्या दाराची वरची चौकट खालच्या पट्टीपासून सुटली आणि काच रस्त्यावर पडून फुटली. त्या खिडकीशी लहान नात बसली होती. तिने क्षणापूर्वीच हात आत घेतला होता, एवढेच सुदैव.

आता मिस्त्री म्हणतो, की जुन्या चौकटी कापून टाका. कबाडखान्यातून जीपच्या तयार चौकटी आणतो आणि वेल्डिंग करून बसवितो. पुण्याला असलेला मुलगा म्हणतो, की गाडीच विकून टाका. भगिनींचा प्रश्न असा, की योग्य चौकट ओळखावी कशी आणि ती बसवावी कशी?

थोडक्यात उत्तर हे, की चौकट बदलता येते. तेवढ्यासाठी गाडी मोडीत काढण्याचे कारण नाही. मात्र माझी पहिली विनंती अशी, की ती गंजलेली चौकट, तिचे सुटलेले तुकडे आणि फुटलेल्या काचेचा सापडेल तो कोपरा यांपैकी काहीही तूर्त घराबाहेर जाऊ देऊ नये. असे का, ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

बिनदाराची गाडी

जीप ही मुळात बिनदाराची गाडी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी १९४१ पासून विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनविल्या. सैनिकाला चटकन उडी मारून उतरता यावे, म्हणून तिच्या दोन्ही कुशी कापून मोकळ्या ठेवलेल्या होत्या. समोरची काचसुद्धा बिजागरीवर वळवून बॉनेटवर आडवी निजविता येई. पावसापासून बचाव म्हणून लोखंडी सळईच्या सांगाड्यावर कॅनव्हास ताणलेले पडदे मिळत. त्या सांगाड्याचे पाय गाडीच्या अंगातील भोकांत खोवले, की झाले दार!

महायुद्ध संपल्यावर हीच गाडी शेतकऱ्यांसाठी व सरकारी खात्यांसाठी बनू लागली. आपल्याकडे महिंद्र कंपनीने १९४७ मध्ये मुंबईत विलीजच्या जीपची जुळणी सुरू केली. पुढे उंच बॉनेटची सीजे-३बी ही जात आपल्याकडे रुळली. विलीजने ती १९५३ मध्ये काढली आणि अमेरिकेत १९६८ मध्ये बंद केली. आपल्याकडे मात्र तिची वंशावळ त्यानंतर कित्येक दशके चालू राहिली. कलेक्टर कचेरी, पाटबंधारे, जंगलखाते, मलेरिया निर्मूलन, निवडणुकीची पेटी, या साऱ्यांची वाहक जीपच. मध्य प्रदेशासारख्या विस्तीर्ण राज्यात, काळ्या मातीच्या रस्त्यांवर, तिच्यावाचून शासन चालले नसते, असे म्हणण्यास हरकत नाही.

परंतु अशा कितीतरी गाड्यांवरची पत्र्याची छपरे व दारे कारखान्यातून आलेली नव्हती. ती गावोगावच्या बॉडी बांधणाऱ्या कारागिरांनी, समोर उभ्या असलेल्या गाडीचे माप घेऊन, हाताशी असलेल्या लोखंडी पट्टीतून व पत्र्यातून घडविली. खाली पत्र्याचे अर्धे दार आणि वर बोल्टने जोडलेली खिडकीची चौकट, तीत मागेपुढे सरकणाऱ्या दोन काचा, असा सर्वसाधारण घाट असे. अशा चौकटीला कारखान्याचा क्रमांक नसतो. ती कोणत्याही सूचीत सापडत नाही. पुष्कळदा एकाच गाडीच्या डाव्या व उजव्या चौकटीतही बोटभर फरक असतो. तिचा नकाशा कोठे कागदावर काढलेलाच नव्हता. गंजलेली चौकट हाच तिचा एकमेव नकाशा आहे. ती भंगारात गेली, की मापही तिच्याबरोबर गेले.

एक कबुली

हे शहाणपण मला पुस्तकातून आलेले नाही. १९८८ च्या पावसाळ्यात, मी नुकताच डिप्लोमा घेऊन बाहेर पडलो असताना, होशंगाबादला म्हणजे आजच्या नर्मदापुरमला मामांकडे गेलो होतो. मामांच्या जीपच्या उजव्या दाराची चौकट अशीच कुजली होती. भाचा शिकून आला आहे, तेव्हा त्याच्या हातून दुरुस्ती व्हावी, असे मामांना वाटले. आणि मलाही आपली विद्या दाखविण्याची हौस होती. मी चौकट सोडविली, इतर भंगाराबरोबर किलोच्या भावाने देऊन टाकली आणि बाजारातून "जीपची" म्हणून मिळालेली दुसरी चौकट घेऊन आलो.

ती दोन बोटे लांब निघाली. तेथल्या एका कारागिराने ती दारापाशी धरून, नजरेच्या अंदाजाने कापून जोडली. दार गुडघ्याने रेटल्याशिवाय लागेना. चौकटीला पीळ पडला आहे, हे मला दिसत होते. पण काच बसली, तेव्हा काम झाले असे मी मानले. मार्गशीर्षातील एका थंड सकाळी, कोणी हातही लावलेला नसताना, ती काच एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तडकली. नवी चौकट करावयाची, तर माप कशाचे घ्यायचे? डाव्या चौकटीचे माप उलटे करून पाहिले. ती अर्धा इंच उंच होती.

मामा मला एका शब्दाने बोलले नाहीत. त्यांनी रविवारचे वर्तमानपत्र घडी करून त्या फटीत कोंबले. पुढे जीप होती तोवर दर आठवड्याला जुनी घडी काढून ते नवी घालीत. मी सुटीत गेलो, की ती घडी मला दिसे. आजही कोणी जुना भाग फेकण्याची घाई करू लागले, की मला ती कागदाची घडी आठवते.

ओळख नावाने नव्हे, मापाने

कबाडखान्यात किंवा अन्य बाजारात "जीपची चौकट" म्हणून जे मिळते, त्यात किमान तीन-चार जातींच्या गाड्यांची सरमिसळ असते. त्यांची मोठी लक्षणे ध्यानात असली, म्हणजे निदान ढोबळ फसगत टळते.

पहिली जात म्हणजे जुन्या, बसक्या बॉनेटची जीप. लष्करी जीपच्या समोरच्या काचेचे दोन भाग असतात. १९४९ च्या सीजे-३ए मध्ये अखंड काच आली. दुसरी जात सीजे-३बी आणि तिच्या भारतीय वंशजांची. हिच्या हरिकेन इंजिनात झडपांची मांडणी बदलून इंजिन उंच झाले, म्हणून बॉनेटही उंच करावे लागले आणि समोरची काच उंचीला आखूड झाली. साहजिकच काचेच्या पायापासून छपरापर्यंतचे अंतर पहिल्या जातीत व दुसऱ्या जातीत सारखे नसते. नाव दोघींचेही "जीप". परंतु एकीची चौकट दुसरीला चपखल बसेलच, असे नाही.

तिसरी जात आपल्या प्रदेशात हमखास भेटणारी जोंगा. हे नाव जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरिज असेंब्ली या शब्दांच्या आद्याक्षरांवरून पडले. जपानच्या निसान पेट्रोल या गाडीच्या परवान्यावर जबलपूरच्या वाहन कारखान्यात १९६९ पासून ती बनत होती. १९९९ च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. लष्कराच्या लिलावातून ती खाजगी हातांत आली. ती जीपपेक्षा अंगाने मोठी असते, आणि महत्त्वाचे म्हणजे तिचे बोल्ट मेट्रिक मापाचे आहेत. जुन्या जीपचे बोल्ट इंची मापाचे. इंची भोकात मेट्रिक बोल्ट दोन आटे नीट जातो आणि मग अडतो. तेथे पान्याला जोर दिला, तर आटे कायमचे जातात. बोल्ट बोटांनी चार-पाच फेरे सहज फिरला, तरच तो त्या भोकाचा समजावा.

चौथी जात लँड रोव्हर. आपल्याकडे ती विरळा. तथापि तिचा विचार येथे उपयोगी आहे, कारण दाराची वरची चौकट स्वतंत्रपणे सोडविता येण्याची सोय तिच्यात कारखान्यानेच केली होती. ही गाडी १९४८ मध्ये ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात प्रथम मांडली गेली. युद्धानंतर पोलादाची टंचाई असल्याने तिचे अंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे केले होते. १९५८ पर्यंतच्या पहिल्या मालिकेच्या कुशी सपाट, भिंतीसारख्या आहेत. १९५८ मध्ये आलेल्या दुसऱ्या मालिकेपासून कुशीला पोटासारखा गोलावा आला. म्हणून पहिल्या मालिकेची चौकट पुढच्या गाड्यांना चालत नाही. मात्र दुसऱ्या मालिकेपासून १९८५ मध्ये संपलेल्या तिसऱ्या मालिकेपर्यंत पुढच्या दारांच्या चौकटी एकमेकींना चालतात. वर्षापेक्षा कुशीचा आकार अधिक बोलका ठरतो, तो असा. दार्जिलिंगजवळच्या मानेभंज्यांगहून संदकफूच्या चढावर १९५० च्या दशकातील लँड रोव्हर गाड्या कित्येक दशके प्रवासी वाहत आल्या. त्यांतील अनेकींच्या पोटात पुढे महिंद्रची इंजिने बसविली गेली, अंगावरचे भाग तेथल्याच कारागिरांनी घडविले. मूळ भाग मिळत नाहीत म्हणून त्या गाड्या मोडीत गेल्या नाहीत.

मापे कशी घ्यावीत

आता भगिनींच्या जीपकडे वळू. बाजारात जाण्यापूर्वी जुनी चौकट सपाट फरशीवर ठेवावी, तुकडे झाले असतील तर ते जागच्या जागी जुळवावेत आणि पुढील मापे वहीत उतरवावीत.

पहिले माप दोन बोल्टांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर. हे जुळले नाही, तर पुढची मापे घेण्याचे कारणच उरत नाही. दुसरे, खालच्या पट्टीची लांबी. तिसरे, पुढची उभी उंची. आणि चौथे, मागची उभी उंची. या दोन्ही उंची सारख्या असतीलच, असे धरून चालू नये. पाचवे, दोन्ही कर्णांची लांबी. हिच्यामुळे चौकट मूळची कशी तिरपी होती, ते कळते. सहावे माप पुढच्या उभ्या पट्टीच्या कलाचे. ती पट्टी समोरच्या काचेच्या खांबाला समांतर असते, आणि खांब किंचित मागे कललेला असतो. कोन मोजण्याचे साधन घरात नसले, तरी जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा खांबाशी धरून पेन्सिलीने रेघ मारून घ्यावी, तेवढे पुरते. सातवे माप गोलाव्याचे. चौकटीच्या वरच्या व खालच्या टोकांना दोरा ताणून बांधावा आणि मधोमध दोरा व लोखंड यांत किती अंतर पडते, ते पाहावे. काहीच पडले नाही, तर चौकट सपाट. थोडे पडले, तर तेवढा बाक नव्या चौकटीतही हवा.

याशिवाय काच ज्या खाचेत सरकते, तिची आतली रुंदी मोजावी. काचेचा तुकडा हाती असेल, तर त्याची जाडीही व्हर्नियरने मोजून ठेवावी.

डावे-उजवे याबाबत एक सूचना. गाडीचे डावे-उजवे हे चालकाच्या आसनावर बसून, पुढे तोंड करून ठरवावयाचे असते. गाडीसमोर उभा राहिलेला विक्रेता नेमके उलटे सांगतो आणि माणूस दुसऱ्या बाजूची चौकट घेऊन घरी येतो. म्हणून सोडवितानाच चौकटीवर खडूने "डावी-बाहेरची बाजू" असे स्पष्ट लिहावे. सर्व मापांबरोबर पुठ्ठ्याचा किंवा हार्डबोर्डचा पूर्ण आकाराचा साचा कापून घेतला, तर बाजारात तोच सोबत न्यावा. साचा जुळेल ती चौकट आपली, मग दुकानदार तिला कोणत्याही गाडीचे नाव देवो.

साच्याशी जुळणारी चौकट मिळाली नाही, तर नवी घडवून घ्यावी. खिडकीची चौकट ही सरळ पट्ट्यांची साधी वस्तू आहे. कुशल कारागीर ती साच्यावरून करू शकतो. तयार पण चुकीची चौकट कापून जुळविण्यापेक्षा हे केव्हाही चांगले. जुन्या चौकटीची फक्त खालची पट्टीच कुजलेली असेल, तर तेवढीच नवी घालून बाकीचे अंग राखता येते. बहुधा खालची पट्टीच आधी जाते, कारण काचेवरून ओघळलेले पाणी तिच्या खाचेत उतरते. त्या पाण्याला वाट देणारी बारीक भोके तळाशी असतात. धूळ व चिखलाने ती बुजली, की पाणी तेथेच मुरते आणि लोखंड आतून खाते. बाहेरून रंग शाबूत दिसतो, आत नुसता भुगा असतो.

बसविण्याचा क्रम

चौकट नवी असली, तरी ज्या दारावर ती बसणार ते दार लोंबत असेल, तर सारे व्यर्थ. म्हणून सुरुवात बिजागरीपासून करावी. इकडचे मिस्त्री तिला "कब्जा" म्हणतात. दार अर्धे उघडून त्याचे मोकळे टोक दोन्ही हातांनी वर उचलून पाहावे. खडखड वर-खाली होत असेल, तर बिजागरीचा खिळा झिजला आहे. तो आधी बदलावा.

त्यानंतर समोरच्या काचेचा सांगाडा पाहावा. जीपची काच आडवी होण्याजोगी असल्याने तिच्या कड्या ढिल्या असतील, तर ती थोडी पुढे किंवा मागे झुकलेली राहते. ती पूर्ण उभी करून कड्या आवळाव्यात आणि मगच दाराची चौकट तिच्याशी जुळवावी. याच्या उलट क्रमाने काम केले, तर झुकलेल्या काचेला जुळणारी चौकट तयार होते आणि काच सरळ होताच फट पडते.

आता चौकट रंग न देता, काच न घालता, नुसती ठेवून पाहावी. बोल्ट हाताने लावावेत, पान्याने आवळू नयेत. दार हलकेच लावून पुढे, वर आणि मागे फट सारखी येते की नाही, ते पाहावे. रबरी पट्टीला, म्हणजे "बीडिंग"ला जागा ठेवावी. थोडी सरकवासरकव बोल्टाच्या भोकांतच होते. सर्व फटी जुळल्यावर, दार लावलेले असतानाच बोल्ट आळीपाळीने थोडेथोडे आवळावेत. एक बोल्ट एकदम घट्ट केला, तर चौकट त्या बाजूला ओढली जाते.

वेल्डिंग करावयाचे असेल, तर ते चौकट उतरवून, काच व रबर काढून, बाकावर करावे. पातळ पट्टीला सलग टाका मारला, तर ती उष्णतेने वाकते. म्हणून अंतराअंतरावर लहान टाके देत जावे. गाडीवरच टाका देणे भाग असेल, तर बॅटरीची तार आधी सोडवावी. जस्ताचा थर असलेल्या पट्टीवर वेल्डिंग करताना निघणारा पांढरा धूर घातक असतो. तेथे कारागिराने उघड्यावर काम करावे आणि मुलांना जवळ उभे राहू देऊ नये.

हे जुळल्यावर चौकट उतरवून गंज घासावा, खाचेच्या आतूनसुद्धा रेड ऑक्साइडचा हात द्यावा, वाळू द्यावा आणि मग रंग लावावा. तळाची भोके रंगाने बुजणार नाहीत, याची काळजी घ्यावी. काचेच्या खाचेत नवा नमदा बसवावा. ज्यांच्या गाडीचे दार ॲल्युमिनियमचे आणि चौकट लोखंडाची आहे, त्यांनी दोहोंच्या मध्ये रबराची पातळ पट्टी अवश्य घालावी; हे दोन धातू ओलाव्यात एकमेकांना भिडले, की ॲल्युमिनियम झिजू लागते.

शेवटी दोन परीक्षा. पहिली कागदाची: वहीच्या कागदाची पट्टी रबरात धरून दार लावावे आणि पट्टी ओढावी. सहज निसटली, तर तेथे फट आहे. अडकून आली, तर रबर नीट दाबले जात आहे. अशी चारी बाजूंनी हातभर अंतरावर परीक्षा घ्यावी. दुसरी पाण्याची: एकाने आत बसावे, दुसऱ्याने बाहेरून खालून वर असे क्रमाने पाणी ओतत जावे. एकदम वरून ओतले, तर पाणी नेमके कोठून आत आले, ते कळत नाही. भोकांतून पाणी खाली ठिबकताना दिसले, म्हणजे काम झाले.

काच: येथे तडजोड नको

भगिनींच्या पत्रातील एका ओळीपाशी मी थबकलो. त्या लिहितात, की रस्त्यावर पडलेल्या काचेचे "सुऱ्यासारखे लांब तुकडे" झाले. याचा अर्थ ती साधी, म्हणजे घराच्या खिडकीला लावतात तसली काच होती. मोटारीच्या बाजूच्या खिडक्यांसाठी टफन केलेली काच वापरतात. ती फुटली, तर तिचे खडीसाखरेसारखे बारीक दाणे होतात. त्यांनीही ओरखडे येतात, पण सुरीसारखी खोल जखम होण्याचा धोका पुष्कळच कमी असतो. एका खिडकीत साधी काच असेल, तर त्याच वेळी बसविलेल्या उरलेल्या खिडक्यांतही ती असण्याचा संभव मोठा आहे. म्हणून चौकटीचे काम पुरे होईपर्यंत गाडीत मुलांना बसवू नये, आणि बदलताना सगळ्याच काचा बदलाव्यात.

टफन काचेची एक अट आहे. एकदा टफन झालेली काच कापता येत नाही, तिला भोक पाडता येत नाही. प्रयत्न केला, तर ती क्षणात भुगा होते. म्हणून आधी साचा, मग साध्या काचेवर कापणे व कडा घासणे, आणि शेवटी टफन करणे, असा क्रम असतो. साचा देताना काचेला खाचेत दोन-तीन मिलिमीटर मोकळीक ठेवावी. दुपारच्या उन्हात तापणाऱ्या व रात्री थंड होणाऱ्या लोखंडी चौकटीत काच आवळून बसली, तर तिचे काय होते, ते मामांच्या जीपने मला दाखविले आहे. काचेच्या कोपऱ्यात भारतीय मानक आय.एस. २५५३ ची खूण पाहून घ्यावी. काळी किंवा गडद काच निवडू नये. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार बाजूच्या काचेतून किमान ५० टक्के व समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आत आला पाहिजे. समोरची काच बदलावयाची वेळ आली, तर ती मात्र लॅमिनेटेड, म्हणजे दोन काचांमध्ये चिवट पडदा असलेलीच घ्यावी.

कागदपत्रांविषयी दोन शब्द

घरगुती गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि पुढे पाच-पाच वर्षांसाठी तिचे नूतनीकरण करावे लागते. त्या वेळी गाडी तपासणीस न्यावी लागते. ज्यांची गाडी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी आहे, त्यांच्यासाठी २०२१ मध्ये केंद्र शासनाने "व्हिंटेज" नोंदणीचे नियम केले. त्यात गाडी मूळ रूपात असावी, तिचा सांगाडा, अंग किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. मात्र अशी नोंदणी झालेली गाडी नित्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा ठरावीक कारणांसाठीच ती चालविता येते. तेव्हा रायसेनपर्यंत सहकुटुंब जावयाचे असेल, तर साधी नोंदणी चालू ठेवणेच बरे. लिलावात घेतलेल्या गाडीच्या बाबतीत आपल्या खरेदीची तारीख पाहू नये, पहिल्या नोंदणीची तारीख पाहावी. तेवढ्यासाठी सासऱ्यांची जुनी कागदपत्रांची पिशवी जपून ठेवावी.

शेवटची ओळ

पत्राच्या शेवटी भगिनींनी एक वाक्य घाईघाईने लिहिले आहे: "सासूबाई या विषयात काही बोलत नाहीत, मात्र रोज संध्याकाळी शेडपर्यंत जाऊन ताडपत्री नीट बांधली आहे ना, ते पाहून येतात." गाडी विकावी की ठेवावी, हे सांगण्याचा अधिकार या सदराला नाही. परंतु मिस्त्रीला बोलाविण्यापूर्वी नातवाने वही घेऊन आजीपाशी बसावे, असे मात्र सुचवितो. ती दारे कोणत्या वर्षी, कोणत्या मोहल्ल्यात बांधली, कारागीर कोण होता, डाव्या दारात आजोबांनी मुद्दाम काही वेगळे करून घेतले होते काय, हे सांगू शकणारी त्या घरात आता एकच व्यक्ती आहे. तो कारागीर नसला, तरी त्याच्या हाताखाली शिकलेला कोणी अजून त्या गल्लीत असू शकेल. चौकटीचे माप पुठ्ठ्यावर उतरते. बाकीचे आजींकडूनच घ्यावे लागेल.

नवी चौकट बसल्यावरही जुनी लगेच देऊन टाकू नये. पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवावी. एक पावसाळा कोरडा गेला, की मग काय करावयाचे ते ठरवावे. पाण्याच्या परीक्षेचा निकाल मला अवश्य कळवावा. मी वाट पाहत आहे.

पुढील अंकी, दसऱ्याच्या शस्त्रपूजेपूर्वी, घरच्या शिवणयंत्राची सफाई व तेलपाणी यांविषयी.